डबा उघडून ‘घ्या ना जी’ म्हणणाऱ्या बाईला काय सांगायचं?

पत्र लांब होतं, थोडं आवरून देते आहे.

‘मावशी, मी नागपूरला मेकोसाबागेत राहते. वय ४१, सिव्हिल लाइन्सला एका कार्यालयात कारकून आहे. यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी परक्यांच्या सेवेवर संदेश दिला, तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी मी मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, जाते. बाहेरगावच्या पेशंटांचे नातेवाईक तिथे झाडाखाली, व्हरांड्यात दिवसच्या दिवस पडून असतात. त्यांना पोळी-भाजी आणि गार पाणी देते. मला बोलायला जमत नाही. उपासनेत आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला उभी राहिले की घसा कोरडा पडतो. म्हणून हीच माझी साक्ष, असं मनाशी धरलं होतं.

मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्या बाबांनी पोळी हातात घेतली आणि विचारलं, “तुमी किरिस्ताव व्हय ना? मंग आमाले काय करा लागंल?” मला इतकं लागलं की काही न बोलता निघून आले. घरी हे म्हणाले, बंद कर, उद्या कोणी व्हिडिओ काढला तर भलतंच नाव लागेल. तिकडे मंडळीच्या ग्रुपवर सगळे म्हणतात फोटो टाक, इतरांना प्रेरणा मिळेल. मंडळीतली एक बहीण तर म्हणाली, येशूचं नाव न घेता पोळ्या काय कोणीही वाटतं, मग आपलं वेगळेपण ते काय?

त्यातच गणेशपेठ स्टँडवर एकजण पाकीट मारलं म्हणून रडत होता. गोंदियाला जायला पैसे मागत होता, मी ५०० रुपये दिले. पंधरा दिवसांनी तोच माणूस तीच गोष्ट दुसऱ्या बाईला सांगताना दिसला. आणि कामठी रोडवर गाडीवरून पडलेला एक मुलगा दिसला, पण पोलिसांच्या भानगडी नकोत म्हणून ह्यांनी गाडी थांबवली नाही. त्या रात्री मला झोप नव्हती.

चांगलेही लोक भेटतात. गडचिरोलीकडची एक बाई आहे, तिचा नवरा वॉर्डात आहे. ती दर वेळी आपला डबा उघडून “घ्या ना जी, आमच्यातलं खा” म्हणते. मी नको म्हणते, तिच्याकडेच कमी. पण एकूण मी थकले आहे. मी भित्री आहे का? नाव न घेता केलेलं काम देवाच्या हिशेबात धरलं जातं का?’

ताई, जय ख्रिस्त.

आधी किरकोळ हिशेब उरकू. पाचशे गेले ते गेले. मीही असे दिलेत, आणि ते कोणत्या रंगाच्या नोटांत दिले हेसुद्धा मला अजून आठवतं, इतकी मी कद्रू आहे. पुढच्या वेळी कोणी तिकिटाचे पैसे मागितले तर त्याच्याबरोबर गाडीपर्यंत चालत जा आणि कंडक्टरकडून तिकीट काढून त्याच्या हातात द्या. ज्याला खरंच गोंदियाला जायचं असतं तो आनंदाने चढतो. ज्याला जायचं नसतं त्याला नेमका त्याच वेळी स्टँडच्या दुसऱ्या टोकाला कोणी ओळखीचं दिसतं. रोख पैसे देऊ नका, तिकीट द्या. एवढ्यावर त्या माणसाला मनातून सोडून द्या.

कामठी रोडचं मात्र किरकोळ नाही. तुमच्या मालकांना हे वाचून दाखवा. अपघातात सापडलेल्याला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच नियमांवर शिक्कामोर्तब केलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. स्वतःचं नाव-पत्ता सांगायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर आहे. आणि १०८ ला फोन लावून ॲम्ब्युलन्स येईपर्यंत शेजारी उभं राहायला तर कोणत्याच कलमाची गरज नाही. गंमत अशी की या कायद्यात मदत करणाऱ्याला जो शब्द वापरलाय तो ‘गुड समॅरिटन’. म्हणजे बायबलात लूकच्या दहाव्या अध्यायातला, वाटेत अर्धमेल्या पडलेल्या परक्याला उचलून उतारशाळेत नेणारा आपला शोमरोनी. तो संसदेत पोहोचला, कायद्याच्या पुस्तकात बसला, आणि आपल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटवर मात्र अजून त्याला जागा नाही. मालकांना रागवू नका, भीती बहुतेकांना असते. फक्त पुढच्या वेळी ब्रेक लावायला सांगा.

आता ते बाबा. तुम्हाला लागलं, कारण तुम्हाला वाटलं त्यांनी तुमच्या मनावर संशय घेतला. मला तसं वाटत नाही. ते बाबा जन्मभर कुठल्या ना कुठल्या खिडकीपुढे उभे राहिलेत, आणि प्रत्येक खिडकीने काही दिलं तर काहीतरी मागितलंही आहे: अंगठा, मत, व्याज, पोराची मजुरी. फुकट आलेली पोळी त्यांनी आयुष्यात पाहिली नसेल. म्हणून त्यांनी किंमत विचारली. हा अपमान नाही, हा अनुभव आहे. तुम्ही निघून आलात, त्यामुळे त्यांना उत्तर मिळालंच नाही, आणि ती पोळी त्यांनी कशी खाल्ली असेल कोण जाणे. पुढच्या गुरुवारी ते भेटले तर सरळ सांगा, “हो बाबा, आम्ही ख्रिस्ती. तुम्हाला काही करा लागत नाही. भाजीत मीठ बरोबर आहे का तेवढं सांगा.” लाजायचं नाही, लपवायचं नाही, आणि त्यापुढे एक वाक्यही वाढवायचं नाही.

तुमची ती बहीण इथे आडवी येईल. नाव घेण्याची एवढी नामी संधी होती, म्हणेल. तिला आपल्या नागपूरचीच एक गोष्ट सांगा. नारायण वामन टिळक, ज्यांची गीतं आपण आजही उपासनेत म्हणतो, ते १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. अजून ख्रिस्ती नव्हते. डब्यात एक गोरा माणूस भेटला. त्या काळी गोऱ्या सहप्रवाशाकडून हिंदी माणसाने काय अपेक्षा ठेवायची हे ठरलेलंच होतं. पण हा माणूस सौजन्याने वागला, टिळकांशी संस्कृत काव्यावर बोलला, आणि जाताना नवा करार वाचायला देऊन गेला. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

तुमची बहीण म्हणेल, बघा, पुस्तक दिलंच ना! दिलं. पण कोणाला दिलं ते बघा. पदरी विद्या असलेल्या, हुज्जत घालायची तयारी असलेल्या माणसाला दिलं. पटलं नसतं तर टिळकांनी ते खिडकीबाहेर भिरकावलं असतं आणि त्यांचं काही बिघडलं नसतं. मेडिकलच्या व्हरांड्यात ज्याचा पोरगा सलाइनवर आहे, तो तुमच्या हातातलं काहीही भिरकावू शकत नाही. नाही म्हणायची ज्याची ऐपत नाही, त्याच्या हो ला काय अर्थ? तिथे नाव न घेणं हा भित्रेपणा नाही, ती त्या माणसाची राखलेली अदब आहे. आणि त्या गोऱ्या माणसाने आधी काय केलं तेही विसरू नका. टिळकांना जे येत होतं, ते त्याने त्यांच्याकडून ऐकून घेतलं. हा मुद्दा मला पुढे लागणार आहे.

‘पोळ्या काय कोणीही वाटतं’ हेही त्या बहिणीने खरंच सांगितलं. वाटतंच. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीच्या रस्त्यांनी एकदा चालून या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला अख्ख्या महाराष्ट्रातून आणि बाहेरून माणसं येतात, आणि जागोजागी पोरं पाणी आणि जेवण घेऊन उभी असतात. ताजबागेत लंगर असतो. उन्हाळ्यात बर्डीपासून सदरपर्यंत कोणा ना कोणाची पाणपोई असते. या शहराला परक्याला पाणी पाजायला आपण शिकवलेलं नाही. मग आपलं वेगळेपण काय? मला विचाराल तर हा प्रश्नच कानाला बरा लागत नाही. तहानलेल्या माणसापुढे तांब्या धरून आपलं वेगळेपण शोधायचं म्हणजे तांब्या आपल्याकडेच वळवण्यासारखं आहे.

फोटोचं थोडक्यात. डोंगरावरच्या प्रवचनात दोन्ही गोष्टी आहेत, हे मलाही तरुणपणी फार छळायचं. मत्तयच्या पाचव्या अध्यायात म्हटलंय, तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या. पान उलटलं की सहाव्यात म्हटलंय, उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये. मग करायचं काय? आता मला दिसतं ते असं, की पाचव्या अध्यायात लोकांनी काम पाहून पित्याचा गौरव करायचा आहे. ग्रुपवरच्या फोटोत गौरव कोणाचा होतो ते खालचे अंगठे मोजून कळतं. आणि त्या फोटोत ज्याचा हात पुढे आलेला दिसतो त्याला कोणी विचारलं? गावाकडे दहा माणसांत मान असलेला माणूस असेल तो. ज्यांना प्रेरणा हवी आहे त्यांना म्हणा, गुरुवारी साडेसहाला या, दुसरा कॅन उचलायला माणूस हवाच आहे. पहिला कॅन तुमच्या मालकांना उचलायला लावा. त्यांची काळजी खोटी नाही, तुम्ही एकट्या संध्याकाळी जाता हे मलाही आवडलेलं नाही. पण दोन गुरुवार त्यांनी स्वतः तिथे काढले तर ‘भलतंच नाव’ कोण लावतं आणि कोण नाही, हे त्यांचं त्यांना कळेल.

कामाचंही एक सांगून ठेवते. पोळीपेक्षा तिथे जास्त चणचण असते ती कागद वाचून सांगणाऱ्याची. तुम्ही कारकून आहात, अर्ज-फॉर्म तुमच्या हाताखालून जातात, हे देणं तुमच्याकडे आहे आणि तुम्हाला त्याची किंमत नाही. भामरागडहून, बालाघाटहून आलेल्या माणसाला केसपेपर कुठे दाखवायचा, तपासणीचा रिपोर्ट कोणत्या खिडकीवर मिळतो, हे कळत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो, त्याला रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन भेटायचं असतं, हे माहीत नसल्यामुळे लोक दागिने मोडायच्या गोष्टी करतात. एक गुरुवार पोळ्या करू नका. हातात पेन घेऊन नुसत्या बसा.

आता त्या डब्याकडे येते.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली ओळ तीच. ती बाई दर वेळी डबा उघडते आणि तुम्ही दर वेळी नको म्हणता. तुम्ही ते चांगुलपणाने म्हणता, मला ठाऊक आहे. पण ताई, आपल्या समाजात वरून खाली वाढायला कधीच मनाई नव्हती. शिळं, उरलेलं, ओंजळीत उंचावरून ओतलेलं, सगळं दिलं जात होतं, आणि देणाऱ्याला पुण्यही लागत होतं. मनाई होती ती खालच्या मानलेल्यांच्या हातचं घेण्याला. १९२७ मध्ये बाबासाहेबांना महाडच्या तळ्याचं पाणी प्यायला हजारो माणसं घेऊन जावं लागलं, ते पाणी कोणी देत नव्हतं म्हणूनच नाही. त्यांच्या स्पर्शाने ते बाटतं असं मानलं जात होतं म्हणून. कोण कोणाच्या हातचं खातो यावर या देशात माणसाची पायरी ठरत आली. आपल्यातल्या बहुतेकांच्या आज्या-पणज्यांना ती पायरी चांगली ठाऊक होती. आणि आता तुम्ही डबा घेऊन उभ्या आहात, आणि एक बाई तुम्हाला आपलं अन्न देऊ करते आहे, आणि तुम्ही नको म्हणता आहात. तिला काय ऐकू येत असेल?

योहानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू सूखार गावाबाहेर याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. दुपारची वेळ, प्रवासाने थकलेला. शोमरोनी बाई पाण्याला येते. त्याच्याकडे द्यायला केवढं होतं! पण तो सुरुवात करतो ती मागून. मला प्यायला पाणी दे, म्हणतो. ती चकित होते, कारण यहूदी माणूस शोमरोन्याच्या भांड्यातलं पाणी मागत नसे. पुढचं सगळं संभाषण त्या एका मागण्याने उघडतं. त्याने आधी जिवंत पाण्यावर प्रवचन दिलं असतं तर ती घागर भरून घरी गेली असती, असं माझं आपलं मत.

आणि त्या दुसऱ्या शोमरोन्याची, उतारशाळेची गोष्ट तरी आपण नीट ऐकतो का? ऐकताना आपण लगेच शोमरोनी होतो, तेल-द्राक्षारस घेऊन वाकतो, दोन दिनार काढून देतो. पण प्रश्न विचारणारा शास्त्री यहूदी होता. यरीहोच्या वाटेवर अर्धमेला पडलेल्याच्या जागी तो स्वतःला पाहणार, आणि वर वाकलेला चेहरा कोणाचा, तर ज्याच्या हातचं पाणी चालत नाही त्याचा. माझा शेजारी कोण, असं त्याने विचारलं होतं. प्रभूने उलटून विचारलं, त्या पडलेल्याचा शेजारी कोण झाला? म्हणजे परक्याच्या हातचं घ्यावं लागतं, ही गोष्टसुद्धा त्या कथेत आहे. आपण ती गाळून वाचतो.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आमचे हे आजारी असताना मी एका सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात ११ रात्री काढल्या. शाळेत शिकवणारी बाई मी, इस्त्रीची साडी नेसणारी, आणि तिसऱ्या रात्री सिमेंटवर पदर पसरून झोपले होते. शेजारी मोमिनपुऱ्याची एक बाई होती. तिने न विचारता आपली जास्तीची चटई माझ्याकडे सरकवली. सकाळी चहाचा अर्धा कप दिला. मी घेतलं, पण आतून इतकी लहान होत गेले की तिच्याकडे बघवेना. पाचव्या दिवशी तिने आपल्या लेकीचा फाटलेला फ्रॉक माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, “बाई, तुम्हाला टाका येतो का? माझी नजर गेली.” तिची नजर शाबूत होती, ताई. नंतर तिला सुईत दोरा ओवताना मी पाहिलंय. पण तो फ्रॉक शिवताना माझी पाठ सरळ झाली. त्या दिवसापासून आम्ही दोघी बायका झालो. त्याआधी ती देणारी होती आणि मी घेणारी.

तुम्ही थकलात असं लिहिता. अशाने कोणीही थकेल. आठवडाभर ऑफिस, मग पोळ्या, मग दोन तास नुसतं देत उभं राहायचं, आणि समोरून आलेलं सगळं परतवायचं. बायबलातली रूथ परक्या देशात बवाजाच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीत मागे पडलेली कणसं, वेचायला गेली, तेव्हा त्याने तिला जेवायला बोलावून कापणाऱ्यांच्या बाजूला बसवलं. सरवा घेऊन जा, एवढं म्हणून भागलं असतं, धर्मशास्त्राने तेवढंच सांगितलं होतं. तुमच्याकडे अजून सरव्याचाच कारभार चालू आहे, पंगत बसलेलीच नाही.

हिशेबाचं राहिलं. तुम्ही कारकून, म्हणून जमा-खर्च विचारलात. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात उजवीकडे उभे केलेले लोक काय म्हणतात आठवा. आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं, कधी परका पाहिलं? त्यांना आठवतच नाही. ज्यांच्या नावे सगळं जमा होतं त्यांच्याकडे वहीच नव्हती. तेव्हा तुमची वही ऑफिसात ठेवून या.

येत्या गुरुवारी त्या बाईचा नवरा अजून वॉर्डात असेल, तर पोळ्या वाटून झाल्यावर तिच्या सतरंजीवर बसा. तिने डबा उघडला की हात पुढे करा. भाकर असेल, कदाचित सुक्या मासोळीची चटणी असेल, ठेचा असेल. तिचं गाव विचारा, तिथे पाऊस कसा होतो ते विचारा, ही चटणी कशी केली ते विचारा आणि नीट ऐका. गडचिरोलीकडचं तिखट तुम्हाला झेपणार नाही. नाही झेपलं तर तुमच्या कॅनकडे धावू नका. तिच्याच बाटलीतलं पाणी मागा.